विश्लेषण : वडिलांना प्रोस्टेट कर्करोग, मग मुलाला धोका किती? जनुकीय चाचणी नेमकी कोणासाठी?

सहा ऑलिम्पिक सुवर्णपदके जिंकणारे ब्रिटनचे सायकलपटू सर ख्रिस हॉय २०२३ मध्ये खांदेदुखीची तक्रार घेऊन डॉक्टरांकडे गेले. तपासणीत गाठ आढळली. तिचे मूळ प्रोस्टेट ग्रंथीत असल्याचे आणि कर्करोग हाडांपर्यंत पसरल्याचे निष्पन्न झाले. तेव्हा त्यांचे वय ४७ होते. आजार बरा होणारा नाही, हे त्यांनी २०२४ मध्ये जाहीर केले. त्यांच्या वडिलांना आणि आजोबांनाही प्रोस्टेटचाच कर्करोग झाला होता.

त्यानंतर ब्रिटनमध्ये एक जुनी चर्चा नव्याने पेटली. घरात हा आजार असलेल्या पुरुषांची तपासणी लवकर का सुरू करू नये? नोव्हेंबर २०२५ मध्ये तेथील राष्ट्रीय तपासणी समितीने शिफारशींचा मसुदा प्रसिद्ध केला. बीआरसीए जनुकात दोष असल्याचे सिद्ध झालेल्या पुरुषांची ४५ ते ६१ या वयात दर दोन वर्षांनी तपासणी व्हावी, असे त्यात म्हटले होते. मात्र ‘वडिलांना होता’ किंवा ‘भावाला होता’ एवढ्यावर सरसकट तपासणीची शिफारस समितीने केली नाही. कौटुंबिक इतिहास आणि जनुकीय दोष यांत असा फरक का केला जातो? भारतीय कुटुंबांनी यातून काय घ्यावे?

प्रोस्टेट कर्करोग किती सर्वदूर?

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खाली, मूत्रनलिकेभोवती असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. वीर्यातील द्रवाचा काही भाग ती तयार करते. जगभरात पुरुषांना होणाऱ्या कर्करोगांत फुप्फुसाच्या कर्करोगानंतर प्रोस्टेटचा क्रमांक लागतो. ‘ग्लोबोकॅन’च्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १४ लाख ६७ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे तीन लाख ९७ हजार पुरुषांचा मृत्यू झाला. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार २०४० पर्यंत नव्या रुग्णांची वार्षिक संख्या २९ लाखांवर जाईल. आयुर्मान वाढत असल्याने ही वाढ प्रामुख्याने कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दिसेल.

भारतात या आजाराचे प्रमाण उत्तर युरोप किंवा अमेरिकेच्या तुलनेत कित्येक पटींनी कमी आहे. तरीही २०२२ मध्ये देशात ३७ हजारांहून अधिक नवे रुग्ण आढळल्याचा अंदाज आहे. मोठ्या शहरांतील कर्करोग नोंदण्यांमध्ये पुरुषांच्या पहिल्या काही कर्करोगांत त्याची गणना होते. आपल्याकडची खरी अडचण वेगळी आहे. अनेक रुग्ण आजार हाडांपर्यंत पोहोचल्यावर रुग्णालयात येतात. लघवीची तक्रार ‘वयोमानाने होतेच’ म्हणून आणि पाठदुखी ‘वात’ म्हणून वर्षानुवर्षे अंगावर काढली जाते.

हा आजार आनुवंशिक आहे का?

वय, वंश आणि कौटुंबिक इतिहास हे या आजाराचे तीन ठाम जोखीम घटक आहेत. यापैकी एकही माणसाच्या हातात नाही.

डेन्मार्क, फिनलंड, नॉर्वे आणि स्वीडन या देशांतील दोन लाखांहून अधिक जुळ्यांचा दीर्घकाळ पाठपुरावा करणारा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. एकसारखी जुळी आणि भिन्न जुळी यांची तुलना करून संशोधकांनी वेगवेगळ्या कर्करोगांत आनुवंशिकतेचा वाटा किती, हे मोजले. प्रोस्टेट कर्करोगासाठी हा आकडा ५७ टक्के निघाला. सर्वाधिक आनुवंशिक वाटा असलेल्या कर्करोगांपैकी हा एक ठरला.

या आकड्याचा अर्थ मात्र अनेकदा चुकीचा लावला जातो. वडिलांना आजार असेल तर मुलाला ५७ टक्के धोका, असे हा अभ्यास सांगत नाही. एका समाजातील वेगवेगळ्या पुरुषांच्या जोखमीत जो फरक दिसतो, त्यातील सुमारे ५७ टक्के फरकाचे स्पष्टीकरण जनुकांतून मिळते, एवढाच त्याचा अर्थ.

मग एखाद्या घराचा हिशेब कसा करायचा? वडील किंवा सख्खा भाऊ यांपैकी एकाला हा आजार असेल तर त्या पुरुषाचा धोका साधारण दुप्पट होतो. भावाला असेल तर वडिलांना असण्यापेक्षा काहीसा अधिक. दोन किंवा अधिक जवळच्या नातेवाईकांना असेल, किंवा साठीच्या आत आजार झाला असेल, तर तो आणखी वाढतो. पण दुप्पट कशाच्या, हेही पाहावे लागते. जिथे मूळ धोका कमी आहे तिथे दुप्पट धोकाही मर्यादितच राहतो. म्हणून सावध राहावे, धास्ती घेऊ नये.

नेमकी कोणती जनुके जबाबदार?

यातले सर्वांत महत्त्वाचे नाव बीआरसीए२. बीआरसीए१ आणि बीआरसीए२ ही जनुके प्रत्येक स्त्री-पुरुषात असतात. डीएनएचे दोन्ही धागे तुटले तर ते नीट सांधण्याचे काम त्यांच्यापासून बनणारी प्रथिने करतात. जन्मतःच यातील एका प्रतीत दोष असेल आणि पुढे एखाद्या पेशीत दुसरी प्रतही निकामी झाली, तर दुरुस्ती थांबते, चुका साचत जातात आणि कर्करोगाला वाट मिळते.

ही जनुके १९९४ आणि १९९५ मध्ये हाती लागली ती स्तनाच्या कर्करोगाच्या शोधातून. अभिनेत्री अँजेलिना जोली हिने २०१३ मध्ये बीआरसीए१ मधील दोषामुळे स्तन काढून टाकण्याची शस्त्रक्रिया करून घेतल्याचे जाहीर केले आणि हे नाव घरोघरी पोहोचले. परिणामी ‘हा बायकांचा विषय’ असा समज रुजला. तो चुकीचा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या माहितीनुसार, बीआरसीए२ मध्ये घातक दोष असलेल्या पुरुषांपैकी १९ ते ६१ टक्क्यांना वयाच्या ऐंशीपर्यंत प्रोस्टेट कर्करोग होऊ शकतो. बीआरसीए१ साठी हे प्रमाण सात ते २६ टक्के आहे. शिवाय बीआरसीए२ दोषातून होणारा आजार तुलनेने कमी वयात येतो आणि अधिक आक्रमक असतो.

एटीएम, चेक२, पालबी२ ही दुरुस्तीच्या कामातील आणखी काही जनुके. आतड्याच्या कर्करोगाशी जोडलेल्या ‘लिंच सिंड्रोम’मधील जनुकांचाही संबंध आहे. २०१२ मध्ये हॉक्सबी१३ या जनुकातील एक बदल सापडला. तो मुख्यतः उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत आढळतो. पश्चिम आफ्रिकी आणि चिनी वंशाच्या पुरुषांत याच जनुकातील वेगळे बदल दिसले. जनुक एकच, पण बिघाड प्रत्येक समाजात वेगळा असू शकतो, हे यातून समोर आले.

घरात कोणालाच नव्हता, तरी दोष असू शकतो?

असू शकतो, आणि इथेच अनेक कुटुंबे फसतात. पसरलेला प्रोस्टेट कर्करोग असलेल्या ६९२ पुरुषांचा अभ्यास २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ११.८ टक्के पुरुषांत डीएनए दुरुस्तीच्या जनुकांत जन्मजात दोष आढळला. एकट्या बीआरसीए२चा वाटा ५.३ टक्के होता. ग्रंथीपुरत्या मर्यादित आजारात दोषाचे प्रमाण ४.६ टक्के इतके कमी होते. महत्त्वाचे म्हणजे, पसरलेल्या आजाराच्या या रुग्णांत प्रोस्टेट कर्करोगाचा कौटुंबिक इतिहास असणे वा नसणे यावरून दोष कोणात सापडेल हे ठरत नव्हते.

याचे एक कारण आपण प्रश्नच अर्धा विचारतो. हा दोष आईकडूनही येतो. आईच्या शरीरात प्रोस्टेट नसते. त्यामुळे तिच्यातील दोष स्तनाच्या किंवा बीजांडकोशाच्या कर्करोगाच्या रूपाने दिसतो, किंवा दिसतही नाही. मावशीला स्तनाचा कर्करोग, आईच्या वडिलांना स्वादुपिंडाचा आणि मामाला प्रोस्टेटचा, या तीन वेगळ्या दुर्दैवी घटना वाटतात. प्रत्यक्षात तो एकाच जनुकाचा धागा असू शकतो. दोष असलेल्या आईकडून किंवा वडिलांकडून तो प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता ५० टक्के असते. मुलगा असो वा मुलगी, त्यात भेद नाही.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान् पिढ्यांची नावे सापडतात. पण कोण कोणत्या आजाराने आणि कितव्या वर्षी गेले, हे बहुतेक घरांत आजोबांपलीकडे कोणाला सांगता येत नाही. त्यातही लेकी-सुनांच्या आजारांची नोंद सर्वांत कमी.

एकच जनुक की शेकडो लहान बदल?

एका जनुकातील मोठा दोष फार थोड्या पुरुषांत असतो. बहुतेकांच्या बाबतीत आनुवंशिकता वेगळ्या रीतीने काम करते. डीएनएत ठिकठिकाणी असलेले शेकडो लहान बदल, ज्यांतील एकेकट्याचा परिणाम नगण्य, पण बेरीज मोठी. ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, नऊ लाख ४४ हजारांहून अधिक पुरुषांच्या माहितीवर आधारित अभ्यासात अशा ४५१ बदलांची नोंद झाली. या बेरजेला ‘पॉलिजेनिक रिस्क स्कोअर’, म्हणजे बहुजनुकीय जोखीम गुणांक म्हणतात.

त्याचा उपयोग होतो का, हे ब्रिटनमधील ‘बारकोड१’ अभ्यासाने तपासले. त्याचे निष्कर्ष एप्रिल २०२५ मध्ये आले. ५५ ते ६९ वयोगटातील ६,३९३ पुरुषांच्या लाळेतून १३० बदलांवर आधारित गुणांक काढण्यात आला. सर्वाधिक जोखमीच्या दहा टक्क्यांतील ४६८ जणांनी एमआरआय आणि बायोप्सी करून घेतली. त्यांपैकी १८७ जणांना, म्हणजे ४० टक्क्यांना कर्करोग निघाला. त्यातील १०३ जणांचा आजार उपचार आवश्यक ठरावेत अशा मध्यम किंवा गंभीर प्रतीचा होता. या १०३ पैकी ७४ जण पीएसए आणि एमआरआयच्या नेहमीच्या वाटेने गेले असते तर निसटले असते.

निष्कर्ष आशादायक आहेत, पण दोन गोष्टी विसरून चालणार नाही. हा गुणांक युरोपीय वंशाच्या पुरुषांवर बेतलेला आहे आणि त्याने मृत्यू कमी होतात, हे अजून सिद्ध झालेले नाही.

मग सर्वच पुरुषांची तपासणी का नको?

पीएसए ही साधी रक्तचाचणी. प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या एका प्रथिनाचे प्रमाण ती मोजते. पण हे प्रमाण ग्रंथी वाढल्याने किंवा जंतुसंसर्गानेही वाढते. दुसरीकडे, अनेक प्रोस्टेट कर्करोग इतक्या संथ गतीने वाढतात की माणूस दुसऱ्याच कारणाने जातो. असा आजार शोधून त्यावर शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार केले, तर लघवीवरचा ताबा जाणे, लैंगिक क्षमता घटणे यांसारखे दुष्परिणाम विनाकारण पदरी पडतात.

युरोपातील मोठ्या चाचणीचा २३ वर्षांचा पाठपुरावा ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. पीएसए तपासणीसाठी बोलावलेल्या गटात प्रोस्टेट कर्करोगाने होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी होते. म्हणजे एक मृत्यू टाळण्यासाठी ४५६ पुरुषांना बोलवावे लागले. फायदा आहे, पण त्याची किंमतही आहे. म्हणूनच जोखीम जास्त त्यांची तपासणी आधी, हा विचार पुढे येत आहे. युरोपीय मूत्ररोगतज्ज्ञ संघटनेच्या मार्गदर्शनानुसार, फायदे-तोटे समजावून सांगितल्यानंतर सर्वसाधारण पुरुषाने पन्नाशीनंतर, कौटुंबिक इतिहास असल्यास ४५ नंतर आणि बीआरसीए२ दोष असल्यास चाळिशीपासून पीएसएचा विचार करावा.

जनुकीय चाचणीने उपचार बदलतात का?

होय. ज्या पेशीत बीआरसीएची दुरुस्ती यंत्रणा आधीच निकामी आहे, तिचा उरलेला दुसरा आधार काढून घेतला तर ती मरते. ‘पार्प’ रोधक औषधे या तत्त्वावर काम करतात. त्यातील ओलापरिब या औषधाला पसरलेल्या आणि संप्रेरक उपचारांना दाद न देणाऱ्या प्रोस्टेट कर्करोगासाठी अमेरिकेत मे २०२० मध्ये मान्यता मिळाली. त्यामुळे आजार पसरलेल्या रुग्णाची जनुकीय चाचणी ही निव्वळ कुतूहलाची बाब उरलेली नाही.

इथे एक फरक नीट समजून घ्यावा. गाठीच्या तुकड्याची चाचणी गाठीतील बदल सांगते. ते बदल केवळ त्या गाठीपुरते असू शकतात. जन्मजात दोष आहे का, हे रक्ताच्या किंवा लाळेच्या वेगळ्या चाचणीतून ठरते. गाठीत बीआरसीए२ दोष निघाला म्हणून मुलांनी घाबरू नये आणि ही दुसरी चाचणी टाळूही नये.

भारतात अडचणी कोणत्या?

पहिली अडचण माहितीची. जगातील जनुकीय माहितीसाठ्यांत युरोपीय वंशाच्या लोकांचे प्रमाण फार मोठे आहे. त्यामुळे भारतीय रुग्णाच्या अहवालात ‘बदल आढळला, पण अर्थ अनिश्चित’ असा शेरा येण्याची शक्यता अधिक. अशा शेऱ्याच्या आधारे शस्त्रक्रियेचे निर्णय घेऊ नयेत, हे सांगणारा समुपदेशक मात्र प्रत्येक रुग्णालयात नसतो. दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचाची माहिती ‘जीनोमइंडिया’ प्रकल्पाने जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली केली. हे पाऊल मोलाचे आहे. पण कर्करोगाच्या जोखमीचा भारतीय गुणांक तयार होण्यासाठी रुग्णांच्या नोंदीही तितक्याच काटेकोर हव्यात.

दुसरी अडचण सेवेची. मुंबईत टाटा मेमोरियल केंद्राकडे कर्करोग जनुकशास्त्राचा स्वतंत्र दवाखाना आहे. मात्र गडचिरोली किंवा नंदुरबारच्या रुग्णासाठी समुपदेशन, चाचणी आणि नातेवाईकांचा पाठपुरावा हे तिन्ही एका जागी मिळणे दूरची गोष्ट आहे.

तिसरी अडचण कायद्याची. अमेरिकेत २००८ च्या कायद्याने आरोग्य विमा आणि नोकरी यांत जनुकीय माहितीवरून भेदभाव करण्यास मनाई आहे. आयुर्विमा मात्र त्यातून सुटला. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये आरोग्य विम्यातील जनुकीय भेदभाव घटनाबाह्य ठरवला. पुढे हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. चाचणी करून घ्यावी की नाही, या विचारात असलेल्या तरुणाला स्पष्ट संरक्षण द्यायचे असेल तर संसदेनेच कायदा करायला हवा.

कोणी, काय करावे?

सरसकट सर्व पुरुषांनी जनुकीय चाचणी करण्याची गरज नाही. ऑनलाइन मागवता येणाऱ्या ‘आरोग्य कुंडली’ छापाच्या चाचण्यांनी तर गोंधळच वाढतो. अनेकदा त्यांत मोजकेच बदल तपासले जातात, त्यामुळे ‘दोष नाही’ हा शेरा खोटा दिलासा ठरू शकतो.

चाचणीची सुरुवात आजारी व्यक्तीपासून व्हावी. पसरलेला किंवा अति जोखमीचा प्रोस्टेट कर्करोग असलेला रुग्ण. कमी वयात आजार झालेला रुग्ण. आणि ज्याच्या आई किंवा वडिलांच्या बाजूला प्रोस्टेट, स्तन, बीजांडकोश वा स्वादुपिंडाचे कर्करोग एकाहून अधिक आहेत असा रुग्ण, यांनी आपल्या डॉक्टरांना जन्मजात दोषाच्या चाचणीबद्दल विचारावे. त्यात दोष सापडला तर भाऊ, बहिणी, मुलगे आणि मुली यांच्यात नेमका तोच दोष शोधणे सोपे असते. मुलीला त्याचा उपयोग मुलाइतकाच, किंबहुना अधिक. वडिलांच्या प्रोस्टेटच्या अहवालातून लेकीचा स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा धोका वेळीच कळू शकतो. दोष नसल्याचे कळले, तर कुटुंबातील त्या दोषापुरती टांगती तलवार दूर होते. मग वयानुसार सर्वांना लागू असलेली काळजी पुरेशी.

चाचणीची सोय नसेल तेथेही एक गोष्ट फुकट करता येते. आई आणि वडील, दोन्हीकडच्या तीन पिढ्यांत कोणाला कोणता कर्करोग, कितव्या वर्षी झाला, हे कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवणे. महाराष्ट्रातील जिल्हा रुग्णालयांनी कर्करोगाच्या प्रत्येक केसपेपरवर हा एक रकाना सक्तीचा केला, तर त्यासाठी नवे यंत्र लागणार नाही आणि वेगळी तरतूदही नाही. पसरलेल्या आजाराच्या रुग्णाची जनुकीय चाचणी सरकारी आरोग्य योजनांत यायला हवी, कारण तिचा लाभ एका रुग्णापुरता न राहता त्याच्या सर्व रक्ताच्या नात्यांना मिळतो.

राहिला प्रश्न घरातल्या अबोल्याचा. लघवीच्या आणि लैंगिक तक्रारींबद्दल वडील मुलाशी बोलत नाहीत, भाऊ भावाशी बोलत नाही. ‘गाठीचे ऑपरेशन झाले होते’ एवढ्यावर विषय संपतो. ती गाठ साध्या वाढीची होती की कर्करोगाची, हे मुलाला कळते ते त्याच्या स्वतःच्या निदानाच्या दिवशी. जमीन-जुमल्याची कागदपत्रे पुढच्या पिढीच्या हाती नीट सोपवणाऱ्या घरांनी आजाराचा हा कागदही तितक्याच जबाबदारीने सोपवायला हवा.